कागदाइतकीच कोझोचीही काळजी हवी

महोदय,

जपानमधल्या गिफू प्रांतातील मिनो येथे हातकागद तयार होताना पाहिला. एक आजी गार पाण्यात हात घालून, तांदळातले खडे वेचावेत तसे, कोझो या तुतीच्या कुळातल्या, कागदासाठी लागणाऱ्या झाडाच्या शिजवलेल्या सालीतले काळे ठिपके बोटांनी काढत होत्या. मला तर ते दिसतही नव्हते!

इथला होन-मिनोशी कागद २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. १९५० च्या कायद्यामुळे तिथे निष्णात कारागिरांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ असा मानही मिळतो. हे उत्तमच. पण कागद एकट्या कारागिराचा नसतो. कोझो पिकवणारा शेतकरी हवा, बांबूच्या बारीक काड्यांची जाळी विणणारा हवा. तोरोरो-आओई या भेंडीच्या जातीतल्या झाडाच्या मुळांचा चिकट रस नसेल, तर तंतू पाण्यात सारखे पसरतच नाहीत. ही मुळे पिकवणारे शेतकरी म्हातारे झाले आहेत, आणि मुले शेतीत यायला तयार नाहीत. कष्ट फार, पैसा कमी; त्यांना दोष कसा द्यावा? मानपत्रांआधी या पिकांना परवडेल असा भाव मिळायला हवा.

– एक वाचक, नागोया (जपान)