‘खरं सांग’ म्हटल्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की बालपुरवण्यांत लाल डगल्यातला सांताक्लॉज हजर होतो. त्याला पत्र कसे लिहावे, मोजा कुठे टांगावा हे सगळे छापून येते. तो खरा नाही हे मुलाला कळते तेव्हा घरच्यांनी काय बोलावे, याबद्दल मात्र क्वचितच काही वाचायला मिळते. म्हणून हे पत्र.

गंमत अशी की या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उत्तर एका वर्तमानपत्रानेच दिले होते. व्हर्जिनिया ओ’हॅनलन ही आठ वर्षांची मुलगी. तिची मित्रमंडळी म्हणत होती की सांता वगैरे काही नसतो, आणि ‘सन’मध्ये छापून येते ते खरे, असे तिचे वडील सांगत. म्हणून तिने न्यूयॉर्कच्या त्या ‘सन’ दैनिकालाच लिहून विचारले. २१ सप्टेंबर १८९७ रोजी निनावी अग्रलेखातून तिला उत्तर मिळाले: हो, सांता आहे, जगात माया आणि औदार्य आहे तसाच तोही आहे. अग्रलेख फ्रान्सिस चर्च यांनी लिहिला होता, हे १९०६ साली त्यांच्या निधनानंतर उघड झाले. लेखन म्हणून तो सुंदर आहे, पण खरे सांगा असे विनवणाऱ्या मुलीला दिलेले उत्तर म्हणून तो चुकला, असे माझे मत आहे. तिने वस्तुस्थिती विचारली होती, तिच्या हातात रूपक पडले. आजही अनेक पालक नेमके हेच करतात, फक्त इतक्या चांगल्या भाषेत नाही.

मुळात ही गोष्ट सांगितल्याने मुलांचे फारसे बिघडत नाही. १९९४ साली अँडरसन आणि प्रेंटिस या संशोधकांनी अमेरिकेतील ५२ मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक मुलांना सत्य साधारण सातव्या वर्षी आणि स्वतःच्या स्वतः कळले होते. त्यांच्या प्रतिक्रिया एकूणात चांगल्याच होत्या. वाईट वाटले ते प्रामुख्याने आई-वडिलांना. बिघडते ते पुढच्या टप्प्यावर. मूल शंका घेऊ लागते आणि मोठी माणसे ती शंका मारण्यासाठी नवे पुरावे तयार करतात: पिठात उमटवलेले बुटाचे ठसे, डाव्या हाताने लिहिलेली चिठ्ठी, फोनवर आवाज बदलून बोलणारा काका. सगळे उघडे पडल्यावर मूल मूळ गोष्टीवर रागावत नाही. ‘मी विचारलं होतं, तरी तुम्ही मला बनवलं,’ हा त्याचा राग असतो. चार वर्षांच्या मुलासाठी केलेला ठसा हा खेळ. आठ वर्षांच्या मुलाने सरळ विचारल्यावर केलेला ठसा ही फसवणूक.

शंका टप्प्याटप्प्याने येते आणि प्रश्नाच्या घडणीवरून ती ओळखता येते. तीन-चार वर्षांचे मूल विचारते, ‘तो कुठे राहतो? त्याला काय आवडतं?’ सहा-सात वर्षांचे विचारते, ‘एका रात्रीत सगळ्यांच्या घरी कसा पोचतो? कुलूप असेल तर?’ हे दुसऱ्या जातीचे प्रश्न म्हणजे मूल शक्य-अशक्य तोलू लागल्याची खूण. इथे जादूचे तयार उत्तर देऊ नये आणि भांडेही फोडू नये. ‘तुला काय वाटतं, कसा जात असेल?’ असे विचारावे. काही मुले डोळे चमकवत नवी युक्ती रचतात. त्यांना अजून गोष्ट हवी आहे. काही गप्प होऊन तुमचा चेहरा वाचतात. त्यांचा पुढचा प्रश्न दूर नाही.

तिसऱ्या जातीचा प्रश्न असतो, ‘तो खरा आहे का? खरं सांग.’ या प्रश्नावर ‘तुला काय वाटतं?’ एकदाच चालते. मुलाला किती कळले आहे हे त्यातून समजते. दुसऱ्यांदा तोच चेंडू परतवला की ती टाळाटाळ होते आणि मुलाला ती कळते.

उत्तर लहान ठेवावे. ‘नाही. भेटी आम्हीच ठेवत होतो. ती गोष्ट आम्हाला लहानपणी आवडायची, म्हणून तुलाही सांगितली.’ एवढे बोलून थांबावे आणि मनातल्या मनात वीसपर्यंत मोजावे. सगळ्यात अवघड हेच जाते, कारण आपल्याला लगेच मलमपट्टी करायची घाई असते. ‘सांता प्रत्येकाच्या मनात असतो’ हे वाक्य त्या घटकेला तरी टाळावे. त्यातून ‘हो की नाही’ हेच मुलाला कळत नाही. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा इथे निकोलस नावाचे बिशप होते आणि गुपचूप मदत करणारा म्हणून त्यांची ख्याती पसरली, ही माहिती मुलांना फार आवडते. पण ती उद्या-परवा द्यावी. उत्तराच्या जागी दिली तर ती पळवाट होते.

शांततेनंतर बहुधा दुसरा प्रश्न येतो: ‘मग दातपरी?’ म्हणजे उशीखाली ठेवलेला पडका दात रात्री नेऊन तिथे भेट ठेवणारी परी. त्याची तयारी हवी. ही पात्रे मुलाच्या मनात एकाच माळेत ओवलेली असतात आणि दोरा तुटला की सगळे मणी घरंगळतात. स्पेनमध्ये दात उंदीर नेतो, इटलीत ६ जानेवारीच्या आदल्या रात्री बेफाना नावाची म्हातारी भेटी ठेवते; नावे वेगळी, माळ तीच. एकाबद्दल खरे सांगून दुसऱ्याबद्दल ‘ती मात्र खरी’ म्हणू नये, कारण सहा महिन्यांत दुसरा धक्का बसतो आणि तो जास्त लागतो. याच ओघात काही मुले देवाबद्दल विचारतात. घरची जी श्रद्धा असेल ती सांगावी, पण फरक स्पष्ट करावा: सांताच्या नावाने भेटी ठेवताना त्या आपणच ठेवतो हे आम्हाला माहीत होते, देव आम्ही मानत असू किंवा नसू, त्याबद्दल जे सांगतो ते आम्हाला स्वतःला खरे वाटते.

वेळ आणि जागा यांवरही बरेच अवलंबून असते. सणाच्या आदल्या रात्री, झोपताना, धाकट्या भावंडासमोर किंवा शाळेच्या दारात हे बोलणे नको. प्रश्न नेमका अशा वेळी आला तर ‘चांगला प्रश्न आहे, उद्या सकाळी आपण दोघंच बोलू’ असे सांगावे आणि सकाळी आपणहून विषय काढावा. मूल विसरले असेल अशी आशा करू नये. ते विसरलेले नसते. मुलाची प्रतिक्रिया मोबाइलवर टिपणे हा अलीकडचा रोग आहे. रडणारे मूल आणि समोर हसत कॅमेरा धरलेला बाप, हे चित्रीकरण नातेवाइकांना पाठवण्याची वस्तू नव्हे.

बिंग फुटते ते बहुतेक वेळा बारीकसारीक गोष्टींमुळे. सांताचा कागद आणि आईच्या कपाटातला कागद एकच निघतो. अक्षर ओळखू येते. किमतीची चिकटपट्टी राहून जाते. उशीखालचा दात उचलायलाच कुणी उठत नाही. असे झाल्यावर ‘परी काल सुट्टीवर होती’ हे पाच वर्षांच्या मुलाला पटते. आठ वर्षांचे मूल ते ऐकून घेते, कारण त्याला तुमची लाज राखायची असते. हो, मुले आपल्यासाठीही नाटक करतात. कळलेले असूनही वर्ष-दोन वर्षे न बोलणारी मुले असतातच. भेट बंद होईल अशी भीती असते किंवा आई-बाबा हिरमुसतील अशी. म्हणून उत्तराला जोडूनच सांगावे की भेट मिळत राहील.

ज्या घरांत ‘सांता बघतोय, यादीत नाव येणार नाही’ अशी वर्षभर धमकी चालते तिथे मात्र घसरण मोठी होते. पात्र कोसळते तेव्हा त्याच्यावर टांगलेली शिस्तही कोसळते. ही धमकी आजच थांबवावी, मूल कितीही लहान असो. महागडी भेट सांताच्या नावाने देऊ नये, हाही तसाच कळीचा मुद्दा. वर्गात एकाला सायकल आणि दुसऱ्याला खोडरबर मिळते. मग दुसरा समजतो की आपण वाईट आहोत, किंवा सांता लबाड आहे. मोठे ते आई-बाबांकडून, छोटे ते सांताकडून, एवढे पाळले तरी पुरे. मुलाने पत्रात ‘बाबांना परत आण’ किंवा ‘आजीला बरं कर’ असे लिहिले असेल तर वयाची, प्रश्नाची वाट बघू नये. अशा वेळी सांताच्या नावाने कसलेही उत्तर लिहू नये. हे त्याच्या हातात नाही, हे जवळ बसून सांगावे आणि त्या दुःखाबद्दल बोलावे. शब्दशः अर्थ घेणाऱ्या, विशेषतः स्वमग्न मुलांना सूचक बोलणे कळत नाही. तिथे पहिल्याच प्रश्नाला सरळ ‘नाही’ म्हणावे.

दहा-अकरा वर्षांचे झाले तरी मूल विचारतच नसेल तर आपणच सांगावे. मोठ्या मुलांत बसू लागल्यावर ते वर्गात कळणे म्हणजे चेष्टा ठरलेली.

सत्य कळलेल्या मुलाला एक काम द्यावे. धाकट्यासाठी किंवा शेजारच्या कुणासाठी एक भेट त्याने स्वतः निवडावी, स्वतः गुंडाळावी, न सांगता ठेवावी आणि कुणी ठेवली ते शेवटपर्यंत सांगू नये. ‘तू आता मोठी झालीस’ या कोरड्या वाक्यापेक्षा हे बरे. इतर मुलांना सांगू नकोस, हेही इथेच बजावता येते: ‘त्यांचा प्रश्न त्यांना त्यांच्या घरी विचारू दे.’ तरीही ते कुणाला तरी सांगणार. त्यावरून रागावू नये. सात वर्षांच्या माणसाला एवढे मोठे गुपित जड जाते.

आता दातांचे. दुधाचे दात वीस. पहिला साधारण सहाव्या वर्षी पडतो, समोरचे आठ दात आठव्या वर्षापर्यंत पडून जातात आणि मग वर्ष-दीड वर्ष काहीच पडत नाही. सुळे आणि दाढा नवव्या ते बाराव्या वर्षांदरम्यान जातात. परीवरचा विश्वास बऱ्याचदा या मधल्या खंडातच विरतो, आणि बारा दात शिल्लक राहतात. त्यांचे काय करायचे हे मुलालाच विचारावे. काहींना उशीखालचा खेळ चालू हवा असतो, फक्त आता दोघांना माहीत असून. काही जण सरळ हात पुढे करतात. काही मात्र आधीचे आठ दात कुठे आहेत ते विचारतात. डबीत जपले असतील तर दाखवा, टाकून दिले असतील तर टाकले म्हणून सांगा.

आपला,
एक बालसमुपदेशक