तुम्ही माझ्या पायाशी बसलात, आजी

तीर्थस्वरूप आजींना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हा मायना आमच्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी असतो, आणि मी तो विचार करूनच लिहिला आहे. तुम्हाला मराठी येत नाही. पत्रात काय आहे ते मी वरच्या मजल्यावर, तुमच्या स्वयंपाकघरात बसून माझ्या मोडक्यातोडक्या फिनिशमध्ये सांगेनच. पण नुसतं 'कीतोस', म्हणजे तुमच्या भाषेतलं 'धन्यवाद', म्हणून माझं समाधान होत नाही. पोटातून येणारं मला माझ्याच भाषेत बोलता येतं. शिवाय हे चार मराठी माणसांनी वाचावं असंही वाटतं, कारण आमच्यातले पुष्कळ जण थंड देशात येतात आणि पहिला हिवाळा खिडकीच्या आतच काढतात. मीही तेच करत होते.

माझं माहेर रत्नागिरीचं, मांडवीचं. रात्री दिवे मालवले की समुद्राची गाज घरात यायची. पावसाळ्यात तर इतकी, की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येऊ नये. आज तिथी कुठली, म्हणजे भरती केव्हा, हे आमच्याकडे लहान पोरंही सांगायची. त्यामुळे 2023 च्या नोव्हेंबरात हेलसिंकीला यायचं ठरलं आणि लाउत्तासारीत, किनाऱ्यापासून पाच मिनिटांवर घर मिळतंय असं ह्यांनी सांगितलं, तेव्हा मी फोटो न बघताच हो म्हटलं. 'सारी' म्हणजे बेट, हेही ऐकून बरं वाटलं होतं.

आल्या संध्याकाळीच किनारा गाठला. खारा वास नाही. गाज नाही. भरती-ओहोटी तर जवळजवळ नाहीच. पुढे कळलं, की इथल्या आखातात हजार भागांत पाच-सहा भागच मीठ असतं. आमच्या अरबी समुद्रात ते पस्तिसाच्या पुढे असतं. म्हणून तर इथलं पाणी इतक्या सहज गोठतं. त्या संध्याकाळी मात्र करड्या पाण्यासमोर उभं राहून मला एवढंच वाटलं, की हा समुद्र मुका आहे, आणि मी रडत घरी आले.

आम्हाला सल्ले देणारे कमी नव्हते. नोकरीच्या बाजूनं नेमलेल्या बाईंनी बँक, करार, फॉर्म यांवर तासभर घालवला आणि हिवाळा एका वाक्यात आटोपला: ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या. दुकानातल्या मुलानं सगळ्यांत महाग कोट गळ्यात मारला. आत काय घालायचं असं विचारलं तर म्हणाला, काहीही घाला. मी कॉटनचे टी-शर्ट घालत राहिले. चालून घाम आला की ते ओले व्हायचे आणि थांबलं की हाडं गारठायची. 'हवामान वाईट नसतं, कपडे वाईट असतात' हे इथलं लाडकं वाक्य मला पहिल्या महिन्यात दहा जणांनी ऐकवलं. चांगले कपडे कुठले, ते दहांतल्या एकानंही सांगितलं नाही. आणि आपली माणसं? ज्यांच्या घरी दिवाळीचा उरलेला फराळ खाल्ला, त्यांनी प्रेमानं समजावलं, "अगं, एप्रिलपर्यंत घर, मेट्रो, मॉल, घर. बाहेर काही नसतं." त्यांच्यावर राग धरू नये हे मला कळतं. पण इतकी वर्षं इथे राहून ज्यांनी स्वतः समुद्रावर पाऊल ठेवलं नाही, त्यांनी दुसऱ्याचं दारही बंद करावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

डिसेंबरात बसथांब्याजवळ पडले. वर भुरभुरीत बर्फ आणि खाली नुसती काच. उजवं मनगट सुजलं. माझ्या बाजूनं तीन माणसं गेली, एकही थांबलं नाही. मग मी बाहेर पडणंच सोडलं. सकाळी सव्वानऊच्या पुढे उजाडायचं आणि दुपारी सव्वातीनच्या आत मावळायचं. मधल्या वेळातही सूर्य समोरच्या इमारतीच्या छपराला धरून सरकायचा. अकरा दिवस मी फक्त तळघरातल्या लाँड्रीपर्यंत गेले.

तिथेच तुम्ही मला पाहिलंत. मनगटाच्या पट्ट्याकडे बोट करून इंग्रजीत एकच शब्द विचारलात, "आइस?" मी मान हलवली. तुम्ही तुमच्या चादरी घेऊन निघून गेलात. मला वाटलं, झालं, हेही तसंच.

दुसऱ्या दिवशी अकराला बेल वाजली. तुम्ही कोट-टोपी घालून दारात, हातात रबराच्या दोन काळ्या जाळ्या, खालच्या बाजूनं बारीक पोलादी खिळे. बुटांवर चढवायच्या. मी घ्यायला हात पुढे केला, पण ते रबर ताणणं एका हाताचं काम नव्हे. तुम्ही काही बोलला नाहीत. भिंतीला हात टेकलात, मग एक गुडघा खाली, मग दुसरा, लिफ्टसमोरच्या त्या गार फरशीवर, आणि माझा पाय हातात घेतलात.

मी पाय मागे ओढला. आजी, आमच्याकडे मोठ्यांच्या पायांना आम्ही हात लावतो. त्यांनी आमच्या पायांना लावायचा नसतो. चुकून आमचा पाय मोठ्यांना लागला तरी आम्ही लगेच नमस्कार करतो. हे तुम्हाला त्या क्षणी कुठल्या भाषेत सांगणार? तुम्हाला वाटलं, मला दुखलं. घोटा हलकेच धरून ठेवलात, मान वर करून विचारलंत, "सात्तूको?" तो शब्द मी लक्षात ठेवला आणि रात्री शोधला. दुखतंय का, असं विचारत होतात.

तुमची बोटं मला दिसत होती. पेरं सुजलेली, संधिवाताची, माझ्या आजीची होती तशीच. रबर आधी चवड्यावर बसवलंत, मग ताणून टाचेवरून वर घेतलंत आणि तळव्यानं टाचेवर दोनदा थोपटलंत. मग दुसरा पाय. उठताना तुमचा गुडघा वाजला. मी डावा हात दिला, तो धरून उठलात आणि दार ढकलून चालू लागलात. मी चार बटणं लावेपर्यंत तुम्ही रस्त्याला होतात. शाळेत जाताना आई बुटांचं बक्कल लावून द्यायची, त्यानंतर माझ्या पायाशी कुणी बसलं नव्हतं.

पहिल्या पावलाला खिळे बर्फात कर्रकन रुतले. दुसऱ्यालाही रुतले. महिनाभरात पहिल्यांदा मी पायाखाली न बघता समोर बघत चालले. कासिनोनरांताच्या वाळूपाशी पोचलो तर पाण्याच्या कडेला बर्फाची झालर धरली होती आणि तिच्या पलीकडे पाणी वाफाळत होतं. तुम्ही हात पसरून म्हणालात, "मेरी." मला ते हिंदीसारखं ऐकू आलं. वाटलं, तुम्ही 'माझा' म्हणताय. तुमच्या भाषेत समुद्राला मेरी म्हणतात हे नंतर कळलं, पण ते पहिलं ऐकणं मी सोडणार नाही.

त्यानंतर तुम्ही मला काय काय शिकवलंत! अंगालगत लोकरीचा पातळ थर, कॉटन अजिबात नाही. पाच बोटांचे हातमोजे नकोत, बोटं एकत्र राहतात तेच हातमोजे हवेत. बूट एक नंबर मोठा, म्हणजे आत हवा राहते आणि तुम्ही विणलेले पायमोजेही मावतात. कोटाच्या खिशाला दोरीनं लोंबणारा चमकता रिफ्लेक्टर तुम्हीच अडकवलात आणि जमिनीपासून किती उंचीवर हवा ते गुडघ्याशी हात लावून दाखवलंत. गाडीचे दिवे खाली झुकवलेले असताना काळ्या कोटातला माणूस जेमतेम 50 मीटरवरून दिसतो, रिफ्लेक्टर असला तर 150 मीटरवरून, हे मला पुढे वाचून कळलं. त्या कोट विकणाऱ्या मुलाकडे गल्ल्याशेजारीच हे रिफ्लेक्टर टांगलेले होते.

सेउरासारीचा तो लाकडी पूल आठवतो? तिथलं खुलं संग्रहालय 1909 सालापासूनचं आहे आणि जुनी लाकडी घरं हिवाळ्यात बंद असतात, पण बेट सगळ्यांना मोकळं. तुम्ही माझा मोजा काढायला लावलात, तळहातावर सोललेल्या सूर्यफुलाच्या चार बिया ठेवल्यात आणि ओठांवर बोट धरलंत. थंडी उणे बारा. बोटं बधिर व्हायला लागली तेवढ्यात एक रामगंगा उतरली. आमच्याकडची करड्या अंगाची असते, ही पिवळ्या पोटाची. रुपयाची चार-पाच नाणी हातावर ठेवावीत तेवढंच वजन, आणि नखं सुईसारखी गार. तिनं एक बी उचलली, माझ्याकडे बघितलं, उडाली. मी श्वास रोखून तशीच उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, पक्ष्याकडे नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला पारा उणे विसाच्या आसपास गेला, तेव्हाही तुम्ही अकराला आलात. फक्त फेरी अर्धी केलीत. सुओमेनलिन्नाला, त्या किल्ल्याच्या बेटांवर जाणाऱ्या बोटीत मला बाहेर उभं केलंत, नाकासमोर बर्फ कडाकड फुटताना ऐकायला. लास्किआइनेनला, म्हणजे बर्फावरून घसरायच्या सणाला, काइवोपुइस्तोच्या टेकडीवर शेजारच्या पोरांची घसरगाडी मागून आणलीत. चाळिशीतली मी त्या उतारावरून किंचाळत खाली आले आणि पुन्हा वर चढले. सहा वेळा. लोकरीची टोपी तेवढी डोक्यावर ठेवून तुम्ही शिडीवरून बर्फातल्या भोकात उतरलात, ते मी धक्क्यावर तुमचा टॉवेल घेऊन पाहिलं. त्या पाण्यात उतरायची माझी अजून हिंमत नाही. पुढच्या वर्षी बघू.

2024 ची संक्रांत 15 जानेवारीला होती. मी काळी साडी नेसून, वर तोच महागडा कोट घालून तुमच्याकडे तिळगूळ घेऊन आले. थंडीत काळं नेसायचं असतं, आणि संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं मोठा होतो असं आम्ही म्हणतो, हे मी खुणांनी सांगायला लागले. तुम्ही उठून भिंतीवरचं कॅलेंडर आणलंत. त्यात उगवतीच्या-मावळतीच्या वेळा छापलेल्या. डिसेंबरातल्या सगळ्यांत लहान दिवसापेक्षा त्या दिवशीचा दिवस जवळजवळ तासाभरानं मोठा होता. तुम्ही त्या आकड्यांखाली तिळाचा एक दाणा ठेवलात. रत्नागिरीत मी ती म्हण जन्मभर ऐकली, पण तासाभराच्या उजेडाची किंमत मला तुमच्या टेबलावर कळली. मग मी वाकून तुमच्या पायांना हात लावला. तुम्ही घाबरून खाली वाकलात, काही सांडलं का बघायला.

चांगुलपणा कसा दिसतो हे मी या शहरात आता ओळखते. रस्त्यात कुणाचा एक हातमोजा पडलेला दिसला, की इथली माणसं तो उचलून जवळच्या कुंपणाच्या टोकावर किंवा झाडाच्या फांदीवर खोचून ठेवतात, ज्याचा आहे त्याला परत जाताना दिसावा म्हणून. नाव नाही, गाव नाही, आभाराची अपेक्षा नाही. आधी मला ते विचित्र वाटायचं, कुंपणं हात हलवताहेत असं. आता बर्फात मोजा दिसला की मीही थांबते. मी पडले तेव्हा बाजूनं गेलेली ती तीन माणसंही मोजा दिसला असता तर उचलून खोचून गेली असती, असं मला पुष्कळदा वाटतं. अनोळखी माणसाला हात लावायचा संकोच त्यांना आडवा आला असेल. तुम्हालाही तो असणारच, तुम्हीही इथल्याच. तरी तुम्ही गुडघे टेकलेत.

आता फेब्रुवारीतल्या त्या रविवाराबद्दल. तुम्ही माझ्या गळ्यात दोरीला बांधलेले दोन टोचे अडकवलेत. बर्फ फुटलाच तर ते कडेला रोवून स्वतःला वर ओढायचं. पाच सेंटीमीटर पक्का बर्फ एका माणसाला पेलतो, पण बोरूंपाशी, पुलाखाली आणि सामुद्रधुनीत त्याचा भरवसा धरायचा नाही, हे तुम्ही काठीनं आधी दाखवलंत. त्या दिवशी बर्फ त्याच्या कित्येक पट जाड होता. लोक स्कीवर होते, बाबागाडी ढकलत होते. मी समुद्रावर चालले, आजी. किनारा मागे राहिला आणि मी समुद्रावर उभी होते.

मग तुम्ही थांबलात आणि मलाही थांबवलंत. टोपी कानावरून वर सरकवलीत, माझीही सरकवलीत. बराच वेळ काही नाही. आणि मग पायांखालून, खूप लांबून आल्यासारखा, एक खोल आवाज घुमत गेला. मी दचकून तुमचा दंड धरला. तुम्ही हसत हसत पाय आपटून दाखवलंत, घाबरू नकोस, बर्फ ताणला की बोलतो. पुन्हा आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मांडवीला रात्री भरतीची लाट बांधावर यायची तसा. माझ्या डोळ्यांतलं पाणी पापण्यांवर गोठलं. तुम्ही थर्मासमधला काळ्या मनुकांसारख्या फळांचा गरम रस माझ्या हातात दिलात आणि कशाबद्दल रडतेस ते विचारलं नाहीत.

काल बर्फ निघाला. सकाळी खिडकी उघडली तर किणकिण ऐकू आली. फुटलेले पातळ तुकडे काठाशी एकमेकांवर घासत होते, हजार बांगड्या हलवाव्यात तशा. मी तशीच तिसऱ्या मजल्यावर धावले, तुम्हाला ऐकवायला. दोनदा बेल वाजवली. दार उघडलं नाही. जिन्याच्या खिडकीतून खाली पाहिलं तर तुमची लाल टोपी बोरूंच्या पलीकडे, अगदी पाण्याच्या कडेला. टोपी कानावरून वर सरकवलेली होती.

मी बूट घातले आणि निघाले.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची