डॉक्टर मॅडम, ते सुट्ट्या पैशांचं वाक्य लिहून घेतलंत म्हणून

डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलो तर तुम्ही "पुढचे कोण?" म्हणून हाक दिलीत. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. नाव टाकत नाही. तुमच्या बाकड्यावर आधीच बसायला जागा नसते.

मी एसटीत कंडक्टर. आमचं निम्मं काम आवाजावर चालतं, आणि तो आवाजच घोगरा झाला. घरी म्हणाले तंबाखू सोडा. मी तंबाखू खात नाही. मग पाय जड झाले, भर मे महिन्यात गाडीत थंडी वाजायला लागली, सकाळी आरशात सुजलेले डोळे. पहिल्या डॉक्टरांनी वजनाच्या काट्याकडे बघून सांगितलं, "रोज चालायला जात जा." गच्च भरलेल्या गाडीत दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या माणसाला हा सल्ला! दुसऱ्यांनी निदान रक्त तपासलं. थायरॉईडचा टीएसएच नावाचा आकडा चाळीसच्या पुढे निघाला. "हा तर बायकांचा आजार," म्हणून ते हसले, आणि खोलीतल्या कंपाउंडरलाही हसवलं.

गोळी दिली ५० मायक्रोग्रॅमची. पंधरा दिवसांत पुन्हा रक्त, आकडा फारसा हलला नाही म्हणून ७५. पुन्हा पंधरा दिवस, मग १००, मग १२५. पुढे छाती धडधडायला लागली, हात थरथरायला लागले, रात्रभर झोप नाही. ते सांगितल्यावर डोस एकदम खाली, परत ५०. की पुन्हा पाय जड. त्या सगळ्या काळात मी माणूस कमी आणि रिपोर्टचा कागद जास्त होतो. आत गेलो की हात पुढे यायचा तो फाइलसाठी. डोळे वर व्हायचे ते मी उठल्यावर.

तुमच्याकडे आलो तेव्हा मीही सवयीने फाइल पुढे केली. तुम्ही ती उघडली नाहीत, बाजूला ठेवलीत. "तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" असं विचारलंत. मला आधी सुचलंच नाही. मग मी म्हणालो, "पन्नासची नोट घेतो, आणि परत किती द्यायचे ते हातात पैसे धरून विसरतो." २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून सुट्ट्यांचा घोळ वाढलाय हे खरं, पण पोटापाण्यासाठी इतकी वर्षं हाच हिशेब केलेला माणूस मी. संध्याकाळी भरणा कमी आला की खिशातून घालायचे, आणि वर सहकाऱ्यांची नजर. आधी हे एका ठिकाणी बोललो होतो. "टेन्शन घेऊ नका," एवढंच उत्तर आलं होतं.

तुम्ही ते वाक्य केसपेपरवर लिहून घेतलंत. जसंच्या तसं, मराठीत, माझ्याच शब्दांत. मी उलट्या बाजूने वाचत होतो. गोळी कितीची, रिपोर्ट काय, हे मला आता आठवून सांगावं लागतं. तो कागद मात्र समोर दिसतो.

आणि पुढच्या खेपेला तुम्ही पहिल्यांदा रिपोर्ट नाही मागितलात. केसपेपर बघून म्हणालात, "काय, सुट्टे जमतायत का आता?" मॅडम, मी बाहेर येऊन स्टँडच्या मागे उभा राहून रडलो. बायकोला अजून सांगितलेलं नाही, आता इथे वाचेल.

डोस का उड्या मारत होता तेही तुम्हीच समजावलंत, आणि माझ्या भाषेत. "ड्रायव्हर गाडी काढत नसेल तर तुम्ही काय करता? बेल मारत राहता ना? मेंदूखालची पिट्युटरी तेच करतेय. टीएसएच म्हणजे तिची बेल." तोवर मी समजत होतो की आकडा वाढला म्हणजे थायरॉईड वाढला. उलट थायरॉईडची ग्रंथी ढिली पडली होती, म्हणून बेल वाजत होती. गोळीतलं औषध सावकाश साठतं, आठवड्याने निम्मं अजून अंगातच असतं, त्यामुळे डोस बदलल्यावर खरा आकडा कळायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरवड्याच्या रिपोर्टवर डोस वाढवला की तो पुढे धावतो आणि मग छाती धडधडते. तुम्ही ईसीजी काढलात, ७५ वर आणलंत, आणि आठ आठवडे कशालाच हात लावायचा नाही म्हणालात. पुढे ८८ झाला, तो आजतागायत.

आणि गोळीची वेळ! सगळे सांगत होते, सकाळी उपाशीपोटी घ्या, तासभर काही खाऊ नका. मुक्कामी गाडीवर पहाटे उठतो, ज्यांच्या पडवीत झोपतो ती माउली दुधाचा चहा हातात देते, आणि लगेच गाडी सुटते. तास कुठला? तुम्ही विचारलंत, रात्री जेवता कधी? मुक्कामाच्या गावी हॉटेल नाही, म्हणून शेवटच्या फेरीआधी स्टँडवर सातलाच जेवतो. "मग झोपताना घ्या, जेवणानंतर तीन तासांनी. घरी असाल तेव्हाही तीच वेळ," म्हणालात. गुडघ्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी दुपारवर ढकललीत. दोन्हींत चार तास हवेत, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मेडिकलवाल्याने कंपनी बदलून दिली तर कळवा, पुन्हा रक्त बघू, हेही बजावलंत. आमच्या ड्युटीचा तक्ता आगारातल्या साहेबांनीही इतका मन लावून पाहिलेला नाही.

आयुष्यभर गोळी, म्हणून मी कुरकुर केली तेव्हा तुम्ही १८९१ सालची गोष्ट सांगितलीत. इंग्लंडमध्ये मरे नावाच्या डॉक्टरने अशाच एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून दिला, पुढे तोंडाने दिला, आणि ती त्यावर २८ वर्षं जगली. "तुम्हाला मेंढी तरी लागत नाही," असं म्हणालात. तुम्हीही हसलात, पण त्या हसण्यात मी होतो.

दिवसाला शेकड्याने माणसं मी बघतो. कोण सुट्ट्यासाठी अंगावर येतं, कोण स्वतः उठून म्हातारीला जागा देतं. चांगुलपणा पदवीवर नसतो हे मला ठाऊक होतं. पदवी असूनही तो टिकतो, हे तुमच्याकडे पाहिलं. आधीच्यांवर राग आहे का? आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही. गर्दी तुमच्याकडेही तेवढीच असते.

आता एक विनंती. आमच्या आगारातला एक ड्रायव्हर पुढच्या सोमवारी येईल. मान पुढून सुजलीय, थकवा आहे, पण बोलायचं म्हटलं की "ठीक आहे" एवढंच म्हणतो. त्याच्या "ठीक आहे"वर जाऊ नका. जरा वेळ थांबून पुन्हा विचारा.

आपला,
मुक्कामी गाडीचा कंडक्टर