चि. अमेय यास, कॅल्शियमच्या शून्याविषयी

रामबाग, इंदूर

चि. अमेय यास अनेक आशीर्वाद.

शिकागोहून तू पाठवलेला रिपोर्ट आईने वाचून दाखवला आणि हृदयाच्या धमन्यांतील कॅल्शियमचा आकडा शून्य आहे हे ऐकताच देवापुढे साखर ठेवली. मलाही बरे वाटले. परंतु आता पाच वर्षे डॉक्टरांचे तोंड पाहायला नको, हे तुझे वाक्य मला पटले नाही.

या तपासणीत डाय न टोचता सीटी स्कॅन काढून धमनीच्या भिंतीत साचलेले कॅल्शियम मोजतात, आणि अ‍ॅगॅटस्टन गुणांक, म्हणजे याच कॅल्शियमचा आकडा, शंभरावर गेला की स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध सुरू करण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. मात्र कॅल्शियम हा आजाराचा उशिरा उमटणारा भाग आहे. चरबीचा मऊ थर या स्कॅनला दिसत नाही, त्यामुळे बेचाळिसाव्या वर्षीच्या शून्याला साठाव्या वर्षीच्या शून्याचे मोल नाही.

दुसरे असे की, वय आणि वंशानुसार कॅल्शियमच्या तुलनेचे जे कोष्टक तू पाठवलेस ते अमेरिकेतल्या मेसा अभ्यासाचे आहे. २००० साली सुरू झालेल्या या अभ्यासातील ६,८१४ माणसे गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशांची होती. आपल्यासाठी त्यात रकानाच नाही, आणि ते कोष्टक पंचेचाळिशीपासून पुढचे आहे. तू गोऱ्यांच्या रकान्यात बसून घेतलेस. अगदीच चुकले असे नाही, कारण पुढे खास दक्षिण आशियाई लोकांसाठी निघालेल्या मसाला अभ्यासात (हे नाव ऐकून आई हसली) आपल्या पुरुषांचे कॅल्शियम गोऱ्यांच्या बरोबरीचे आणि बाकी तिन्ही गटांपेक्षा अधिक आढळले. बायकांत तसे दिसले नाही. पण इंटरहार्ट या ५२ देशांतील अभ्यासात पहिला झटका आपल्याकडे सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतरत्र ५९ च्या सुमारास आलेला दिसतो, आणि ही सहा वर्षे त्या कोष्टकात कुठेच धरलेली नाहीत.

काकाचा शेवटचा ईसीजी अजून माझ्या कपाटात आहे. कोपऱ्यात निळ्या शाईने ‘नॉर्मल’ लिहिले आहे. त्यानंतर नवव्या दिवशी सराफ्यातून परतताना तो जिन्यात टेकला तो उठलाच नाही. वय ४७. मला स्टेंट बसला तो ५१ व्या वर्षी. २०१८ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश आणि वडिलांना पंचावन्नच्या आत झालेला हृदयविकार, हे दोन्ही धोका वाढवणारे घटक म्हणून नोंदले आहेत. तुझ्या डॉक्टरांना यांपैकी दुसरी गोष्ट तू सांगितली आहेस का?

नसल्यास सांग, आणि लायपोप्रोटीन-ए, म्हणजे हृदयविकाराचा धोका वाढवणारा रक्तातील चरबीचा कण, याची रक्ततपासणी मागून घे. ते प्रमाण बहुतांशी आनुवंशिक असल्याने एकदा मोजले तरी पुरते. माझे वाढलेले आहे. एलडीएलच्या (वाईट कोलेस्टेरॉलच्या) आकड्यासह कागद मला पाठव. आईला मी वाचून दाखवीन.

तुझे,
बाबा