चेन्नम्मा सोळा वर्षांची नव्हती

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला किशोरवयीन मुलींसाठीच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवरचा लेख वाचला. रात्री म्हटलं जाऊ दे, पण सकाळी पुन्हा वाचला आणि राहवलं नाही.

आधी तारखेची चूक. कित्तूरची राणी चेन्नम्मा 'डलहौसीच्या दत्तक नामंजुरीविरुद्ध' लढली, असं तुमच्या लेखकानं लिहिलं आहे. कित्तूरची पहिली लढाई 23 ऑक्टोबर 1824 ची. त्या दिवशी डलहौसी बारा वर्षांचा होता. तो गव्हर्नर जनरल होऊन आला 1848 मध्ये, आणि राणी तर 1829 मध्येच बैलहोंगलच्या कैदेत वारली होती. कंपनीनं कित्तूरचा दत्तक नाकारला हे खरं, पण तिथं समोर उभा होता धारवाडचा कलेक्टर थॅकरे. झाशीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, तिचाच साचा उचलून कित्तूरवर बसवला की असं होतं. कित्तूर झाशीच्या तेहेतीस वर्षं आधीचं आहे, एवढं तरी छापण्याआधी कुणी पाहायला हवं होतं.

पण मी पत्र लिहायला बसले ते तारखेसाठी नाही. ज्या कादंबरीचं लेखात एवढं कौतुक आहे, तिच्यातली चेन्नम्मा सोळा वर्षांची. घोडा फेकते, वाघ मारते, कित्तूरचे राजे मल्लसर्ज देसाई तिच्यावर भाळतात आणि लग्नाच्या मांडवात पुस्तक संपतं. वर तुमच्या लेखकाचं समर्थन असं, की मुलींना आपल्या वयाची नायिका लागते, पन्नाशीकडे झुकलेल्या विधवेत त्या स्वतःला कशा पाहणार? हे वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. मुली कुणात काय पाहतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एका वर्षी आठवीच्या मुलींना घेऊन कित्तूरला सहल काढली होती. नंदगडला राणीच्या लढवय्या संगोळी रायण्णाच्या समाधीपाशी थांबलो, वडाला बांधलेले पाळणे मुलींनी मोजले, मग बिडीवरून कित्तूर. पडक्या राजवाड्यात भिंतीत ध्रुवतारा पाहायची नळी आहे, तिच्यातून भर दुपारी डोळा लावून बघायला सगळ्यांची झुंबड. ती झुंबड ओसरल्यावर चौथऱ्यावर बसवून मी त्यांना गोष्ट सांगितली. वाघाची नाही. मल्लसर्ज देसायांना पेशव्यांनी पुण्यात कैदेत ठेवलं होतं आणि 1816 साली ते वारले, इथून सुरुवात केली. मराठी मुलींना हे आपणच सांगायचं, दुसऱ्या कुणी सांगायची वाट का बघायची? मग सवतीचा मुलगा गादीवर आला, तोही 1824 च्या सप्टेंबरात गेला. शिवलिंगप्पाला दत्तक घेतलं ते कंपनीनं मानलं नाही. खजिन्यावर कंपनीनं सील ठोकलं. राणीनं आधी मुंबईला गव्हर्नर एल्फिन्स्टनकडे अर्ज केला. तो चालला नाही, तेव्हा लढाई. थॅकरे पडला, दोन गोरे अधिकारी हाती लागले. लढाई थांबवतो असा शब्द आला म्हणून राणीनं त्यांना सोडून दिलं, आणि तो शब्द पाळला गेला नाही. डिसेंबरात पुन्हा फौज आली आणि किल्ला पडला. तेव्हा राणीचं वय सेहेचाळीस.

मी थांबले तेव्हा मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. वर्गात तोंडातून शब्द न काढणारी. म्हणाली, "म्हणजे आमच्या आईसारखंच की ओ, बाई."

मी विचारलं, कसं गं?

"बाबा गेल्यावर काका उताऱ्यावर आईचं नाव लावू देईना झालेत. आई सारखी कचेरीत जाते. कागद सगळे कानडीत. मीच वाचून दाखवतो तिला, पण मला पण सगळं कळत नाही."

संपादक महोदय, ती पोर तेरा वर्षांची होती. तिनं चेन्नम्मेत स्वतःला पाहिलं नाही, आईला पाहिलं. तलवार तिच्या लक्षातही राहिली नव्हती, लक्षात राहिला तो मुंबईला केलेला अर्ज. पुढच्या सोमवारी ती ते कागद दप्तरात घालून शाळेत घेऊन आली. आमच्या कानडीच्या सरांनी मधल्या सुट्टीत एकेक ओळ तिला समजावून दिली आणि नवा अर्ज स्वतः लिहून दिला. नाव लागायला पुढं तीन वर्षं गेली. दर वेळी कचेरीतून आल्यावर ती मला येऊन सांगायची, "बाई, आज पण परत पाठवलं." तेवढंच सांगून वर्गात जाऊन बसायची.

या मुलीला तुम्ही सोळा वर्षांची घोडेस्वार चेन्नम्मा देणार आणि मांडवात पुस्तक मिटणार? राणीचं सगळं कर्तृत्व मांडवानंतरचं आहे. नवरा गेल्यानंतरचं आहे. ते वगळून उरते ती कुठल्याही राजकन्येची गोष्ट, तिला कित्तूरचं नाव कशाला? किशोरवयीन वाचकाला मोठ्या बाईची गोष्ट झेपत नाही हे कुणी ठरवलं? आमच्या भागातल्या मुली घरात मोठ्या बायकांचंच निभावणं बघत वाढतात. हवं तर गोष्ट सांगणारी पोर चौदा वर्षांची करा, राजवाड्यात पाणी भरणारी, निरोप पोचवणारी. पण राणीला राणीच्या वयाची राहू द्या.

सीमाभागात अशी नायिका एकटी चेन्नम्माच, असंही त्या लेखात एक वाक्य आहे. मग बेलवडीची मल्लम्मा कुठं गेली? बैलहोंगल तालुक्यातलं बेलवडी, साल 1678. दक्षिणेच्या मोहिमेवरून परतणाऱ्या मराठी फौजेशी तिथल्या गढीनं जवळजवळ महिनाभर झुंज दिली, नवरा पडल्यावर मल्लम्मा लढली. ती शिवाजी महाराजांच्या सैन्याशी लढली म्हणून आपण तिचं नाव घ्यायला कचरतो, हे मला मान्य नाही. धारवाडजवळ यादवाडला जाऊन या. तिथल्या दगडात वर घोड्यावरचे महाराज आहेत आणि खाली मल्लम्मेचं मूल मांडीवर घेऊन बसलेले महाराज आहेत. साडेतीनशे वर्षांमागच्या त्या लोकांना दोन्ही बाजूंचा मान एका शिळेवर राखता आला. आपल्याला दोनशे पानांच्या पुस्तकात का येऊ नये? कित्तूरच्या त्याच सहलीत दुसऱ्या एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, चेन्नम्मा आमची का त्यांची ओ?" म्हणजे मराठी माणसांची का कानडी माणसांची. काकती बेळगावला लागून आहे, राणी तिथं जन्मली, कित्तूर आपल्या जिल्ह्यात आहे, म्हणून आपली, असं मी सांगितलं. तिचं समाधान झालं नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं. त्या प्रश्नाला मराठीत लिहिलेली एखादी चांगली कादंबरीच पुरी पडली असती, माझं एक वाक्य नाही. शाळेच्या कपाटात तेव्हा तशी एकही नव्हती.

आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगते. शनिवारचं मुलांचं पान तुम्ही बंद केलं, त्याला आता वर्ष होईल. त्या जागी क्लासच्या जाहिराती येतात. मराठी शाळांतल्या पटाची काळजी तुमच्या अग्रलेखात दर जूनमध्ये असते. ते पान आमच्या खेड्यांतल्या कित्येक घरांत शाळेच्या पुस्तकाबाहेरचं एकमेव मराठी वाचन होतं. दोनदा पत्र पाठवलं, पोचही आली नाही. अर्धं का होईना, ते पान परत सुरू करा.

डलहौसीची दुरुस्ती मात्र येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावी, आतल्या कोपऱ्यात नको. ऑक्टोबरात कित्तूर उत्सवाच्या सुमारास शाळाशाळांतून चेन्नम्मेवर निबंध असतात, आणि मुली तुमची कात्रणं वहीत चिकटवून त्यावरून लिहितात.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका,
खानापूर, जि. बेळगाव