टीमची बैठक, यंत्राची टिपणे आणि ती वाचणारे डोळे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे संगणक क्षेत्रातील किती नोकऱ्या जातील, याची चर्चा बेळगावातही घरोघरी चालते. ज्यांच्या नोकऱ्या टिकून आहेत त्यांचे रोजचे काम कसे बदलते आहे, याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक मुले-मुली येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकून बेंगळुरू-पुण्याच्या कंपन्यांत ‘अजाइल’ पद्धतीच्या (म्हणजे काम छोट्या टप्प्यांत, वारंवार आढावा घेत करणाऱ्या) टीममध्ये काम करतात, काही जण तर घरी बसूनच. त्याच क्षेत्रातील एक जण म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सतरा जाणकारांनी २००१ साली अमेरिकेतील युटा राज्यात एकत्र बसून जो अजाइल जाहीरनामा लिहिला, त्याचे पहिलेच मूल्य असे आहे की कार्यपद्धती आणि साधने यांच्यापेक्षा माणसे आणि त्यांच्यातील संवाद यांना अधिक मोल द्यावे. या पद्धतीच्या ‘स्क्रम’ या प्रकारात रोज पंधरा मिनिटांची बैठक असते. ती कामाचा आढावा घेऊन दिवसाचा बेत बदलण्यासाठी काम करणाऱ्यांनी आपसांत घ्यायची असते. वरिष्ठांपुढे हजेरी देण्यासाठी ती नाही. व्यवहारात बऱ्याच ठिकाणी ती हजेरीच होते, हा भाग वेगळा.

आपल्या भागातील मुलांची या बैठकीत एक वेगळीच अडचण होते. घरी मराठी, मित्रांत मराठी-कन्नड आणि बैठकीत अस्खलित इंग्रजी, अशा परिस्थितीत विषय उत्तम समजलेला मुलगाही गप्प बसतो आणि ज्याला बोलता येते त्याचेच मत टीमचे मत ठरते. येथे कृत्रिम बुद्धिमत्ता खरोखर उपयोगी पडते. सांगायचा मुद्दा आदल्या रात्री मराठीत लिहून त्याचे नेमके इंग्रजी करून घेता येते, वरिष्ठांना विचारायला संकोच वाटणारा जुन्या कोडविषयीचा प्रश्न आधी या साधनाला विचारता येतो आणि भरभर झालेली चर्चा नंतर सावकाश वाचता येते. संकोची माणसाला चर्चेत आणणारे साधन संवाद वाढवते, म्हणून ते जाहीरनाम्याच्या विरोधात जात नाही, असे माझे मत आहे.

काळजी वाटते ती टिपणांची. बैठकीचा सारांश आता यंत्रच काढते. आपल्या बोलण्यात तीन भाषा मिसळलेल्या असतात, त्यामुळे शब्द चुकणे साहजिक आहे आणि ते दुरुस्तही करता येतात. परंतु एखादी मुलगी ‘बघते, गुरुवारपर्यंत बहुतेक जमेल’ असे म्हणते आणि सारांशात तिने गुरुवारची मुदत मान्य केल्याची नोंद होते, तेव्हा तिने व्यक्त केलेली शंकाच पुसली जाते. वस्तुतः अशा शंका वेळीच कळाव्यात म्हणूनच ही बैठक असते. हाच सारांश व्यवस्थापकाकडे जाऊन वार्षिक मूल्यमापनात वापरला जाणार असेल, तर मुले तोलूनमापूनच बोलतील. काम कुठे बिघडले हे मोकळेपणाने बोलण्यासाठी प्रत्येक टप्प्याच्या शेवटी जी सिंहावलोकनाची बैठक होते, तिच्यात तर कोणी तोंडच उघडणार नाही. कायद्याचा आधारही येथे तोकडा पडतो, कारण डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हा नोकरीविषयक कारणांसाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीविना वापरण्याची मुभा मालकाला देतो. म्हणून हा नियम कंपन्यांनी स्वतःहून करायला हवा : टिपणे टीमच्या ताब्यात राहावीत, ती पक्की होण्यापूर्वी बोलणाऱ्याला दुरुस्त करता यावीत आणि सिंहावलोकनात ध्वनिमुद्रण पूर्ण बंद असावे.

वेगाविषयीही थोडे लिहितो. एमईटीआर या अमेरिकेतील संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांकडून २४६ कामे करवून घेतली. कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायची मुभा असताना त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला, आणि तरीही आपण सुमारे २० टक्के कमी वेळात काम केले, असेच त्यांना काम संपल्यावर वाटत होते. नमुना लहान आहे, साधनेही सतत सुधारत आहेत, त्यामुळे आकडे सर्वांना लागू करू नयेत. पण टीम ज्या अंदाजांवर पुढच्या पंधरवड्याचे काम स्वीकारते, ते अंदाज अशा भावनेवर बेतणे धोक्याचे आहे. शिवाय एकाने दुप्पट कोड लिहिले, तर ते तपासणाऱ्या सहकाऱ्याचे कामही वाढते. उद्यमबागेतील फाउंड्रीत साचे कितीही झटपट तयार झाले, तरी ओतीव भाग तपासणाऱ्या माणसाला लागणारा वेळ त्यामुळे कमी होत नाही. कोड तपासताना नवखा माणूस जाणत्याकडून जे शिकतो, ते कोड यंत्रानेच परस्पर तपासून टाकले की ते शिकणे हुकते.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे. अंतिम वर्षाचा प्रकल्प विद्यार्थी गटाने करतात. त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यास बंदी घालून काही साधणार नाही. त्याऐवजी आपल्या गटातील मित्राच्या कोडवर प्रत्येकाने काय अभिप्राय दिला आणि यंत्राने सुचवलेले काय व का नाकारले, हे मूल्यमापनात पाहिले जावे आणि तोंडी परीक्षेत उत्तर मराठीत किंवा कन्नडमध्ये देण्याची मोकळीक असावी, अशी विद्यापीठाला विनंती आहे.

आपला,
एक सॉफ्टवेअर अभियंता,
टिळकवाडी, बेळगाव