नुसतं नाव नको, साहेब

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

मी नाशिकच्या पोलीस लाईनीत वाढलेली एका हवालदाराची मुलगी. २१ ऑक्टोबर, म्हणजे पोलीस स्मृतिदिन, आमच्या घरी सणासारखा पाळला जायचा, फक्त गोडधोड नसायचं. १९५९ साली त्या दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान पडले, हे मला शाळेत नाही, बाबांनी बूट पॉलिश करता करता सांगितलं.

एका वर्षी मी स्मृतिदिनाच्या संचलनाला गेले होते. कुठे, ते राहू द्या. शोक शस्त्र झालं (बंदुका उलट्या धरून मानवंदना), बिगुल वाजला आणि वर्षभरात कामी आलेल्यांची यादी वाचायला घेतली. हुद्दा, नाव, पुढचा. हुद्दा, नाव, पुढचा. माझ्या शेजारच्या मावशी पदर तोंडाशी धरून एकाच नावाची वाट बघत होत्या. ते आलं आणि त्यांनी मान वर करेपर्यंत पुढची दोन होऊन गेली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रत्येक नावामागे एक ओळ वाचा. माणूस कुठला, त्या वेळी कोणत्या ड्युटीवर होता, काय करताना गेला.

तुकाराम ओंबळे म्हटलं की ही ओळ आपल्याला पाठ असते. २६ नोव्हेंबर २००८ची रात्र, गिरगाव चौपाटी, हातात लाठी. गोळ्या अंगावर झेलत त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. पण वाहतूक पोलीस विलास शिंदे किती जणांना आठवतात? ऑगस्ट २०१६, मुंबईत खारला पेट्रोल पंपावर त्यांनी विनाहेल्मेट आलेल्या एका अल्पवयीन पोराला अडवलं. पोराने मोठ्या भावाला बोलावून घेतलं. डोक्यात घाव बसला आणि आठवडाभराने, ३१ तारखेला, ते गेले. ना अतिरेकी, ना चकमक. समोर होती आपल्यासारख्याच घरातली पोरं.

नाशिकात २०२१च्या १५ ऑगस्टपासून ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ मोहीम सुरू झाली, तेव्हा पंपावर उभ्या शिपायाशी हुज्जत घालणारे मी पाहिलेत. (त्यात माझा सख्खा दीरही होता. घरी आल्यावर त्याला शिंद्यांची गोष्ट सांगितली. काही बोलला नाही, पण हेल्मेट घेऊन आला.)

आमच्या लाईनीतले एक काका रात्रीच्या नाकाबंदीत गेले. टेम्पोवाल्याने ब्रेक दाबलाच नाही. नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. पाचव्या दिवशी लॉण्ड्रीवाले कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घेऊन दारात आले. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. काकूंनी हँगर हातात घेतला आणि सवयीने विचारलं, “किती झाले?” ते पायऱ्या उतरून निघून गेले. तो युनिफॉर्म कितीतरी दिवस खिडकीच्या गजाला तसाच टांगलेला होता.

‘अपघाती निधन’ एवढ्यात हा माणूस मावतो का, साहेब? रस्त्याच्या मधोमध तो हौसेने उभा नव्हता.

त्र्यंबक रोडवरच्या आमच्या पोलीस अकादमीत उद्याचे फौजदार घडतात. सुरुवात तिथूनच करा. यादी त्यांच्याकडून, सावकाश वाचून घ्या. शहरातल्या शाळांतली आठवी-नववीची मुलं समोर बसवा. ज्यांच्या हातात बाबांची गाडी लवकरच येणार आहे ती. अर्धा तास जास्त लागेल. पाहुण्यांची भाषणं तेवढी आवरती घ्या.

आपली,
पोलीस लाईनीतली एक मुलगी, नाशिक

ता. क. लॉण्ड्रीवाले चाचा आता थकलेत, दुकान मुलगा बघतो. त्यांना खुर्ची ठेवलीत तर मी स्वतः रिक्षाने घेऊन येईन.